‘औटघटकेचा मूळ रॉक बँड’ चालेल का?

प्रश्न असा आहे: अंकल टुपेलो या अमेरिकन ‘शॉर्ट-लिव्हड रूट्स रॉक बँड’ला मराठीत ‘औटघटकेचा मूळ रॉक बँड’ म्हणावे का?

नको. दोन्ही शब्द नडतात.

औट म्हणजे साडेतीन. पाढ्यांतली औटकी ती हीच. घटका 24 मिनिटांची, म्हणजे औट घटका 84 मिनिटांच्या. अर्थात घड्याळ लावून हा शब्द कोणी वापरत नाही. त्यात टोमणा असतो: आयते मिळालेले पद, थोडे मिरवणे आणि लगेच पायउतार. ‘औटघटकेचा मंत्री’ शोभतो. अंकल टुपेलो इलिनॉयमधल्या बेलव्हिल गावी 1987 मध्ये सुरू झाला, 1994 पर्यंत चालला, चार अल्बम काढले. 1990 च्या पहिल्या अल्बमचे ‘नो डिप्रेशन’ हे नाव तर 1995 मध्ये एका नियतकालिकाने घेतले. त्याला औटघटकेचा म्हणणे अन्यायच.

‘अल्पायुषी’ माणसाला, फार तर फुलपाखराला. ‘अल्पकालीन’मध्ये मुदत आधीच ठरलेली असते, जसे कर्ज; एका दौऱ्यापुरत्या जमवलेल्या बँडला ते चालेल. संस्था, सरकारे, मासिके यांना आपण ‘अल्पजीवी’ म्हणतो, तेच इथे बसते. खरे तर ‘1987 ते 1994’ एवढे लिहिले तरी भागते.

‘मूळ रॉक’ वाचून वाचक 1950 च्या दशकातल्या रॉक अँड रोलकडे जाईल. शिवाय ‘मूळ’ची गरज दुसरीकडे पडते: मूळ ड्रमर माइक हायडॉर्न 1992 मध्ये बाहेर पडला. ‘लोकरॉक’ही टाळा, तो फोक रॉक वाटतो आणि यांच्या कंट्री संगीतात पंक रॉकचा दणका होता. रूट्स रॉक तसेच ठेवून पहिल्या उल्लेखाला ‘कंट्री, ब्लूज, लोकसंगीताच्या पायावरचा रॉक’ एवढे जोडावे. प्रत्यय ‘रॉक’ला लावा: रूट्स रॉकचा, रूट्स रॉकमधला.

क्रियापद ‘फुटला’. ‘बंद पडला’ म्हटले की दुकान किंवा पंप डोळ्यांपुढे येतो. इथे तर एकाचे दोन झाले, सन व्होल्ट आणि विल्को. 1 मे 1994 रोजी सेंट लुइसला झालेल्या शेवटच्या कार्यक्रमाबद्दल ‘बँड वाजला’ लिहाल तर फजितीचा अर्थ निघेल. आणि सन व्होल्ट काढणाऱ्याचे नाव जे फरार. ‘जे फरार बँडमधून बाहेर पडले’ हे वाक्य पोलिसांच्या बातमीसारखे वाचले जाते, म्हणून ‘गायक-गिटारवादक जे फरार’ असे पूर्ण लिहावे.