‘ग्रज मॅच’ पाहावा का? साठी उलटलेले बॉक्सर खरंच असे पुन्हा रिंगमध्ये उतरतात का?

पाहा. पण सिल्वेस्टर स्टॅलोन आणि रॉबर्ट डी नीरो एकत्र आहेत म्हणजे काहीतरी थोर असणार, अशा अपेक्षेने बसलात तर अर्ध्या तासात मोबाइल हातात घ्याल. रविवारी दुपारी जेवून आडवं पडून पाहायचा चित्रपट आहे हा. तुमचा दुसरा प्रश्न मात्र पहिल्यापेक्षा जास्त रंगतदार आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी गोष्ट, निकाल न सांगता. पिट्सबर्गचे दोन बॉक्सर, हेन्री ‘रेझर’ शार्प (स्टॅलोन) आणि बिली ‘द किड’ मॅकडॉनन (डी नीरो). तरुणपणी दोनदा भिडले. एकदा हा जिंकला, एकदा तो. तिसऱ्या, निकाली लढतीच्या तोंडावर रेझरने अचानक निवृत्ती जाहीर केली आणि किडच्या मनातली खुन्नस तीस वर्षं तशीच राहिली. रेझर साधा कामगार झालाय आणि तीही नोकरी जाते. किडचा बार आहे, गाड्या विकायचा धंदा आहे, बारमध्ये तो हातात बाहुली घेऊन विनोदही करतो. मग त्यांच्या जुन्या लबाड प्रमोटरचा मुलगा दान्ते (केव्हिन हार्ट) उगवतो. व्हिडिओ गेमसाठी दोघांच्या हालचाली टिपायच्या असतात, म्हणून त्यांना हिरवे घट्ट सूट घालून उभं केलं जातं आणि तिथेच दोघांची जुंपते. कुणीतरी मोबाइलवर टिपलेली ती मारामारी जगभर फिरते आणि तिसऱ्या लढतीला गिऱ्हाईक मिळतं.

दिग्दर्शक पीटर सेगल. चित्रपट २०१३ च्या नाताळात आला, तेव्हा डी नीरो ७० वर्षांचा होता आणि स्टॅलोन ६७ चा. आता यातली खरी गंमत पात्रांच्या नावांत नाही, नटांच्या अंगाखांद्यावर आहे. स्टॅलोन म्हणजे १९७६ चा ‘रॉकी’, डी नीरो म्हणजे १९८० चा ‘रेजिंग बुल’. तो चित्रपट ज्याच्या आयुष्यावर आहे, त्या खऱ्या बॉक्सर जेक लमोटाकडून डी नीरोने बॉक्सिंगचे धडे घेतले आणि लमोटाचा उतारकाळ दाखवायला जवळजवळ २७ किलो वजन वाढवलं. त्याला ऑस्कर मिळालं. ‘रॉकी’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं होतं. म्हणजे पडद्यावर रेझर आणि किड लढत असले, तरी प्रेक्षक मनातल्या मनात रॉकी आणि लमोटालाच लढवत असतो. निर्मात्यांनाही हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच कच्ची अंडी गटागटा पिणं आणि टांगलेल्या मांसावर ठोसे मारणं या ‘रॉकी’तल्या दोन्ही प्रसंगांची इथे टिंगल आहे. मांसाचा विनोद चांगला जमलाय. बाकी काही ठिकाणी टिंगल कमी आणि ‘ओळखलंत ना, ओळखलंत ना’ असं कोपराने ढोसणंच जास्त.

चित्रपट खरा सांभाळलाय तो ॲलन आर्किनने. रेझरचा वृद्धाश्रमात पडलेला जुना प्रशिक्षक ‘लाइटनिंग’. आर्किन तेव्हा ७९ चा होता. कानाला यंत्र, जिभेला धार, आणि समोरचा शिष्य साठी उलटलेला असला तरी याच्यासाठी पोरगंच. केव्हिन हार्ट सतत बडबडतो, ती बडबड ज्याला झेपते त्याला आवडेल. पण आर्किन आणि तो एका खोलीत असले की चित्रपट अचानक जागा होतो. किम बेसिंजरला मात्र वाया घालवलंय. तिने साकारलेली सॅली एकेकाळी रेझरची प्रेयसी होती, किडपासून तिला मुलगा झाला आणि तोच मुलगा आता बापाला सरावासाठी तयार करतो. मालिकेत वर्षभर पुरेल एवढा हा मसाला चित्रपट तीन-चार गोड संवादांत गुंडाळून टाकतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, उतरतात. चित्रपटाच्या गोष्टीशी सगळ्यात जवळचं खरं उदाहरण म्हणजे शुगर रे लेनर्ड आणि रोबेर्तो दुरान. १९८० च्या जूनमध्ये माँट्रियलला दुरान जिंकला. नोव्हेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सला लेनर्डने त्याला इतकं खिजवलं की आठव्या फेरीत दुरानने पाठ फिरवून लढणंच सोडलं. झाली बरोबरी, एक-एक. तिसरी लढत लगेच व्हायला हवी होती, ती झाली डिसेंबर १९८९ मध्ये, लास वेगासला. लेनर्ड ३३ चा, दुरान ३८ चा. तुम्हाआम्हाला हे वय काहीच वाटणार नाही, पण बॉक्सरच्या हिशेबात ती उतरणच. आणि ती तिसरी लढत कशी झाली? कंटाळवाणी. लेनर्ड लांबून टोचत राहिला आणि गुणांवर सहज जिंकला, प्रेक्षकांनी हुर्यो केली. इतक्या वर्षांची खुन्नस शिळ्या भातासारखी ताटात आली. चित्रपटातली लढत मात्र आपल्याला हवी तशी होते, आणि फिल्मीपणा असलाच तर तो इथे आहे. म्हातारे रिंगमध्ये उतरतात हे खरं आहे. उतरल्यावर ती लढत बघण्यासारखी होईलच, हे खोटं.

लेनर्डचं आणखी एक. १९८२ मध्ये त्याच्या डोळ्याचा पडदा सुटला, शस्त्रक्रिया झाली, त्याने निवृत्ती जाहीर केली आणि तरी तो परत आला. डोळ्याचा मुद्दा मी उगाच काढत नाहीये. ‘ग्रज मॅच’मध्ये रेझरचं गुपित हेच आहे: त्याला एका डोळ्याने दिसत नाही आणि हे लपवून तो लढायला उभा राहतो. पाहताना अनेकांना हे पटकथाकाराच्या डोक्यातून निघालेलं वाटतं. पण पिट्सबर्ग या शहराशी हे विलक्षण जुळतं. तिथला हॅरी ग्रेब १९२३ मध्ये मिडलवेटचा, म्हणजे मधल्या वजनगटाचा, जगज्जेता झाला, तोवर त्याच्या एका डोळ्याची नजर गेल्यात जमा होती, आणि हे गुपित त्याने निभावून नेलं. कारकिर्दीत तो ३०० च्या आसपास लढती लढला. जीन टनी पुढे जॅक डेम्प्सीला हरवून हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटाचा, जगज्जेता झाला. त्या टनीला अख्ख्या कारकिर्दीत एकट्या ग्रेबनेच हरवलं, १९२२ मध्ये. हेवीवेटचा जगज्जेता राहिलेल्या जो फ्रेझरनेही पुढे आत्मचरित्रात कबूल केलं की त्याचा डावा डोळा जवळजवळ निकामी होता. १९७५ मध्ये मनिलाला मुहम्मद अलीविरुद्धच्या तिसऱ्या लढतीत त्याचा उजवा डोळा सुजून बंद झाला, तेव्हा समोरचा ठोसा कुठून येतोय हे त्याला दिसेना. पंधरावी फेरी सुरू होण्याआधी प्रशिक्षक एडी फचने लढत थांबवली.

म्हणून चित्रपटाची ही बाजू मला अर्धवट वाटते. लढतीच्या मध्यावर किडला डोळ्याचं कळतं आणि तो त्या बाजूने मारणं थांबवतो. प्रसंग छान आहे, दिलदारी वगैरे सगळं ठीक. पण एका डोळ्याचा माणूस रिंगमध्ये उभा करणं म्हणजे काय, याचा धसका दोन मिनिटं तरी प्रेक्षकाला बसायला हवा होता. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, त्या बाजूने वळसा घेऊन येणारा ठोसा, म्हणजे हुक, दिसतच नाही आणि न दिसलेला ठोसाच माणसाला आडवा करतो.

पिट्सबर्गचं निघालंच आहे तर ‘किड’ या नावाबद्दलही. तिथल्या बिली कॉनला लोक ‘पिट्सबर्ग किड’ म्हणायचे. बिली, किड, पिट्सबर्ग हे तिन्ही चित्रपटात योगायोगाने आले असतील असं मला वाटत नाही. १९४१ मध्ये हा कॉन हेवीवेटचा जगज्जेता जो लुईसविरुद्ध बारा फेऱ्यांनंतर गुणांत पुढे होता. नुसता टाळत राहिला असता तरी चालणार होतं. पण गडी लुईसला नॉकआउट करायलाच गेला आणि तेराव्या फेरीत स्वतःच आडवा झाला. पुन्हा लढायचं ठरलं, तेवढ्यात घरच्या बारशाच्या समारंभात सासऱ्याशी हातघाई झाली आणि सासऱ्याच्या डोक्यावर ठोसा मारून कॉनने स्वतःचाच हात मोडून घेतला! लढत लांबली, मग महायुद्ध आडवं आलं, आणि शेवटी १९४६ मध्ये दोघं भिडले तेव्हा कॉनच्या पायांतला वेग गेला होता. आठव्या फेरीत खेळ खल्लास. सासऱ्याचा प्रसंग कुणी पटकथेत लिहिला असता तर निर्मात्याने अतिशयोक्ती म्हणून खोडला असता.

वयाने शरीराचं काय होतं, हे बॉक्सिंगवाले एका वाक्यात सांगतात: आधी पाय जातात, ठोशाचा जोर सगळ्यात शेवटी जातो. जॉर्ज फोरमन हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण. १९७७ ला निवृत्त झाला, दहा वर्षांनी परतला, लोक त्याच्या सुटलेल्या पोटाला हसले. नोव्हेंबर १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी तो २६ वर्षांच्या जगज्जेत्या मायकल मूररसमोर उभा राहिला. नऊ फेऱ्या मार खाल्ला, तिन्ही पंचांच्या कागदावर मागे होता, आणि दहाव्या फेरीत एका उजव्या ठोशाने मूररला झोपवलं. अंगावर चड्डी तीच होती, जी घालून तो १९७४ मध्ये अलीकडून हरला होता.

पण दर फोरमनमागे उलटी उदाहरणं कितीतरी. ऑक्टोबर १९८० मध्ये अली ३८ व्या वर्षी लॅरी होम्ससमोर उतरला. होम्स एकेकाळी त्याचाच सरावातला जोडीदार. दहा फेऱ्या अलीने नुसता मार खाल्ला, मग त्याच्या कोपऱ्यातून लढत थांबवली गेली. ती चित्रफीत पाहिल्यावर म्हातारे बॉक्सर या विषयावर विनोद सुचणं कठीण होतं. वैद्यकीय कारणही सरळ आहे. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, मेंदू आणि कवटी यांच्यातली जागा वाढते, त्या जागेतून जाणाऱ्या शिरा ताणलेल्या राहतात. डोक्याला जोराचा हिसका बसला की त्या फाटून आत रक्त साचू शकतं. सत्तरीतला माणूस घरात घसरून पडला तरी डॉक्टर त्याचा स्कॅन काढायला सांगतात, ते यासाठीच. इथे तर समोरचा माणूस डोकं नेमून मारतोय.

म्हणूनच वयस्करांच्या लढतींचे नियम सैल करून घेतात. नोव्हेंबर २०२० मध्ये ५४ वर्षांचा माइक टायसन आणि ५१ चा रॉय जोन्स ज्युनियर लढले ते प्रदर्शनीय सामन्यात: दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या, आणि शेवटी बरोबरी. चार वर्षांनी, ५८ व्या वर्षी, टायसन यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या २७ वर्षांच्या जेक पॉलसमोर उभा राहिला. फेऱ्या पुन्हा दोन मिनिटांच्याच, हातमोजे जाडजूड. पण टेक्सासमध्ये या सामन्याची नोंद अधिकृत व्यावसायिक लढत म्हणून झाली. आठ फेऱ्यांत टायसनचे १८ ठोसे लागले, पॉलचे ७८. स्टेडियम मात्र भरलेलं होतं आणि नेटफ्लिक्सवर जगभरातले लोक डोळे ताणून बसले होते. मधल्या काळात, सप्टेंबर २०२१ मध्ये, टायसनचा जुना प्रतिस्पर्धी इव्हँडर होलीफील्डही ५८ व्या वर्षी उतरला आणि पहिल्याच फेरीत लढत थांबवावी लागली.

दान्तेचं गणित बरोबर ठरलं, एवढंच यातून मला दिसतं. चित्रपट आला तेव्हा ही कल्पनाच समीक्षकांना पोरकट वाटली होती, स्टॅलोनला वाईट अभिनयाच्या रॅझी पुरस्काराचं नामांकनही मिळालं, आणि सुमारे ४ कोटी डॉलर खर्चून जगभरातली तिकीटविक्री त्याच्या थोडीशीच वर गेली. दोन दमलेल्या माणसांना एक उतावळा पोरगा इंटरनेटवरच्या व्हिडिओच्या जोरावर रिंगमध्ये आणतो, हे तेव्हा विनोदापुरतं होतं. आता तो रीतसर धंदा आहे आणि तो चालवणाऱ्यांना दान्तेइतकंसुद्धा विनोदी बोलता येत नाही.

पाहायचाच असेल तर आधी ‘रॉकी’ आणि ‘रेजिंग बुल’ बघून घ्या, नाहीतर निम्मे विनोद डोक्यावरून जातील. वेळ असेल तर स्टॅलोनचा २००६ चा ‘रॉकी बाल्बोआ’ही बघा, त्यातही म्हातारा रॉकी रिंगमध्ये परततो, आणि तिथेसुद्धा सुरुवात संगणकावरच्या काल्पनिक लढतीनेच होते. ‘ग्रज मॅच’च्या शेवटी नावं यायला लागली की उठू नका. त्यात दान्ते आणखी दोघा जुन्या वैऱ्यांना पुन्हा लढायला पटवतोय. ते दोघं आहेत टायसन आणि होलीफील्ड.