वाचक विचारतात : खलनायक आणि बाकीची मंडळी

प्रश्न : माझी अद्भुत कादंबरी एका मासिकात क्रमशः सुरू आहे. चौदा भाग ठरलेत, नऊ छापून झाले. माणसांच्या सावल्या पळवणारा मांत्रिक हा खलनायक. वाचकांच्या पत्रांचा सूर एकच : ‘मांत्रिक नुसताच दुष्ट वाटतो, त्याची पूर्वकथा द्या.’ दहावा भाग त्यालाच देऊ का? (सांगली)

उत्तर : नका देऊ. तक्रार खरी आहे, पण वाचकांनी सुचवलेला उपाय बरोबर असेलच असं नाही. कथा चढाला लागलेली असताना, महिनाभर ताटकळलेल्या माणसापुढे मांत्रिकाचं बालपण वाढलंत तर कथा तिथेच बसकण मारेल.

आधी छापलेले नऊही भाग पुढ्यात घ्या. मांत्रिक जिथे जिथे येतो तिथे समासात दोन गोष्टी लिहा : या प्रसंगात त्याला काय हवं होतं आणि ते मिळवताना त्याचं काय गेलं. पहिल्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी सापडेल, दुसऱ्याची जागा कोरी राहील. सपाटपणा येतो तो तिथून. ज्याचं कधीच काही जात नाही, त्याचं पुढे काय होणार याची उत्सुकता कोणाला असणार?

मग दहाव्या आणि अकराव्या भागात दीडशे-दोनशे शब्दांचा एकेक प्रसंग घाला. उदाहरणार्थ, दिवेलागणीला सगळा वाडा उजळतो, मांत्रिकाची खोली तेवढी अंधारात. एक पोरगं चुकून पणती घेऊन आत येतं. तो ओरडत नाही. फुंकर मारून पणती विझवतो, आणि तेवढ्या वेळात भिंतीकडे एकदाही पाहत नाही. एवढंच लिहा. त्याची स्वतःचीच सावली गेलेली आहे, हे तेराव्या भागापर्यंत राखून ठेवा. छापलेलं बदलता येत नाही, तेव्हा जुन्या भागांत आयताच पडलेला एखादा तपशील शोधा. तो अमावास्येलाच बाहेर पडतो असं कुठे लिहून गेला असाल, तर धागा त्याला बांधा. नसेलच, तर पुस्तक काढताना मागे जाऊन पेरा.

प्रश्न : शेवटी खलनायक सुधारला तर वाचक चिडतात, असं का? (नाशिक)

उत्तर : सुधारला म्हणून चिडत नाहीत, फुकटात सुधारला म्हणून चिडतात. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ (2005–2008) या मालिकेतला, नायकाच्या मागावर असलेला राजपुत्र झुको आठवा. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस बदलायची संधी समोर असताना तो बहिणीच्या बाजूला जातो. तिसऱ्या पर्वात नायकाकडे येतो, तेव्हा तिथे कोणी त्याला ओवाळत नाही. नायकाची सोबतीण कटारा तर सरळ धमकावते. आधी एक संधी लाथाडलेली आणि नंतर इतरांचा अविश्वास सोसलेला, म्हणून त्याचं बदलणं पटतं. एका संवादात पालटणाऱ्याला ही वजनं नसतात.

प्रश्न : राजपुत्रापेक्षा त्याचा नावाडीच वाचकांना आवडू लागलाय. त्याला जास्त पानं द्यावीत का? (रत्नागिरी)

उत्तर : हे दुखणं जुनं आहे, आणि भाग्याचं! हिंदी कादंबरीकार देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता संतती’च्या चोवीस भागांत भूतनाथ हा ऐयार, म्हणजे वेष पालटणारा चतुर हेर, वाढत वाढत इतका मोठा झाला की त्याच्यावर वेगळी कादंबरीमाला निघाली. 1913 मध्ये खत्री गेले तेव्हा ती अपुरी होती. मुलगा दुर्गाप्रसाद यांनी पुरी केली. भूतनाथ नायकांच्या कामी येतो, पण त्याच्या मागे त्याचे जुने गुन्हे आहेत. नायकांचं रहस्य उलगडत जाईल तसतसं याचं पितळ उघडं पडायची भीती. वाचक खिळतो तो या ओढाताणीवर.

तुमच्या नावाड्याचं असं स्वतःचं काही अडलेलं आहे का ते बघा. असेल तर दर भागात एक प्रसंग द्या, आणि त्या प्रसंगामुळे राजपुत्राची वाट बदलू द्या. नुसता विनोदी असेल तर पानं वाढवू नका. तीन भागांत तेच विनोद परत येतील आणि आज कौतुक करणारेच कंटाळतील.

प्रश्न : उपपात्रं फार झालीत, वाचक नावं विसरतात. (ठाणे)

उत्तर : एका भागात नवं पात्र एकच आणा. सोमदत्त, सोमनाथ, सोमाजी अशी एका अक्षराची रांग टाळा. महिन्याभराच्या खंडानंतर पात्र परत येताना पहिल्या दोन वाक्यांत त्याची खूण द्या : लंगडणं, कानातली भिकबाळी, तपकिरीची डबी. खूण मात्र प्रत्येक वेळी तीच हवी.

प्रश्न : राक्षसांच्या तोंडी मालवणी घातली, तर कोकणातून नाराजीची पत्रं आली. (पुणे)

उत्तर : येणारच. नायक प्रमाण मराठीत बोलणार आणि राक्षस तेवढे मालवणीत, म्हणजे कोकणातल्या वाचकाला स्वतःच्या घरातली भाषा राक्षसाची ठरलेली दिसते. बोली आणायची तर दोन्ही पक्षांत आणा. राक्षस वेगळे वाटायला त्यांना एक शब्द वर्ज्य करा. ते कधीच ‘मी’ म्हणत नाहीत, ‘आम्ही’च म्हणतात, आणि ज्या दिवशी एक जण ‘मी’ म्हणेल, तो भाग जपून लिहा.