उत्तर: बुद्धिबळाचा पट उमटतोय म्हणून जेनेटिक अल्गोरिदमकडे वळू नका

तुमच्या बीमच्या टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशनमध्ये (म्हणजे ठरलेलं मटेरियल कुठे ठेवायचं आणि कुठे नाही हे शोधताना) काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट उमटतो, मेश (गणितासाठी बीमचे केलेले छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट) बारीक केली की आकारच बदलतो, म्हणून जेनेटिक अल्गोरिदम (अनेक उत्तरांतून पिढ्यानपिढ्या चांगली निवडत जाणारी पद्धत) लावू का, असं तुम्ही विचारलंय. लावू नका. ऑप्टिमायझर त्याचं काम चोख करतोय; त्याला दिलेला प्रश्न अर्धवट आहे.

आधी पटाचं बघू. नुसत्या कोपऱ्यांनी जोडलेले चौकोन प्रत्यक्षात बिजागरीसारखे वळतील. पण चार नोडच्या (कोपऱ्यातल्या बिंदूंच्या) एलिमेंटच्या कडा वाकू शकत नाहीत, त्यामुळे गणितात ही नक्षी खऱ्यापेक्षा कितीतरी स्टिफ (न वाकणारी) भासते. डियाझ आणि सिग्मुंड यांनी 1995 मध्ये हे दाखवून दिलं. ऑप्टिमायझरला अशी पळवाट सापडली की तो ती सोडत नाही.

मेशबरोबर आकार बदलण्याचं कारण वेगळं आणि जास्त खोल आहे. एका जाड पट्टीऐवजी तेवढ्याच मटेरियलच्या अनेक बारीक पट्ट्या दिल्या तर स्टिफनेस बहुधा वाढतो, आणि या बारीकपणाला तळ नाही. मिशेलने 1904 मध्ये मांडलेल्या आदर्श फ्रेम अशाच अनंत बारीक दांड्यांच्या आहेत. किमान जाडी किती, हे तुम्हालाच सांगावं लागतं. फिल्टर तेच करतो: ठरलेल्या त्रिज्येतल्या शेजाऱ्यांची भारित सरासरी घेतो. ही त्रिज्या मिलिमीटरमध्ये ठरवा. सिग्मुंडच्या 2001 च्या प्रसिद्ध 99 ओळींच्या प्रोग्राममध्ये ती एलिमेंटच्या मापात आहे: 60×20 च्या मेशला 1.5. मेश 120×40 केली तर त्रिज्या 3 हवी. ती 1.5 च ठेवली तर फिल्टर असूनही पट्ट्या बारीक होत जातात. बहुतेक जण इथेच अडकतात.

राखाडी भाग, म्हणजे ना पूर्ण भरीव ना पूर्ण रिकामा, राहत असेल तर घनतेचा (एलिमेंटमध्ये मटेरियल किती, 0 ते 1) घातांक 3 आहे ना, ते पाहा. मग अर्ध्या घनतेला फक्त आठवा हिस्सा स्टिफनेस मिळतो आणि राखाडी परवडेनासं होतं. घातांक 1 पासून हळूहळू चढवलात तर वाईट उत्तरात अडकण्याची शक्यता कमी होते.

आता जेनेटिकचं. 60×20 म्हणजे 1200 चल. शंभरांची पिढी आणि शंभर पिढ्या धरल्या तरी 10,000 वेळा एफईएम (मेशवरून रचना किती वाकते ते काढणारं गणित) सोडवायचं, आणि तरीही तुटक आकार हाती येणार. उलट कॉम्प्लायन्ससाठी (भाराखाली रचना किती लवते त्याचं माप) एकदा सोडवलेल्या विस्थापनांतूनच सगळे 1200 ग्रेडियंट (प्रत्येक घनता बदलली तर हे माप किती बदलेल ते) मिळतात, त्यासाठी एरवी लागणारं वेगळं अ‍ॅडजॉइंट समीकरण सोडवावंच लागत नाही. केवढी मोठी सोय आहे ही! डेन्मार्कच्या गटाने 2017 मध्ये विमानाचा पंख एक अब्जाहून जास्त व्हॉक्सेलवर (छोट्या घनाकृती तुकड्यांवर) ऑप्टिमाइझ केला, तो ग्रेडियंटच्याच जोरावर. कॅटलॉगमधून मोजके सेक्शन निवडायचे असतील, तिथे जेनेटिक जरूर वापरा.

फिल्टर घालण्याआधी एक तपासणी करा: दोन-तीन एलिमेंटची घनता किंचित बदलून कॉम्प्लायन्स पुन्हा काढा आणि तुमच्या ग्रेडियंटशी ताडून पाहा. आकडे जुळले नाहीत तर ते आकडे आणि ग्रेडियंटचा कोड इथे टाका, मी बघतो.