सॅन होजेत पाऱ्याच्या जुन्या खाणींच्या पायथ्याशी घर घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या अल्माडेन व्हॅलीत घर बघताय, मुलं चार आणि सात वर्षांची आहेत, आणि कुणीतरी सांगितलं की मागच्या डोंगरात पाऱ्याच्या खाणी होत्या. तिथे राहणं धोक्याचं आहे का, आणि एकूण राहायला कसं आहे?

मी इथे २०१४ पासून राहते. आमच्या दारातून निघालं की बारा मिनिटांत त्या डोंगराच्या पार्कचं फाटक येतं. घर घेण्याआधी मीही रात्र रात्र हेच वाचत बसले होते, त्यामुळे तुमची धाकधूक मला नीट कळते. आधी उत्तर सांगते: घरातल्या पाऱ्याची काळजी करू नका, ओढ्यातल्या पाऱ्याची करा. आणि पाऱ्यापेक्षा वणव्याची जास्त करा.

या डोंगरात जे सापडायचं तो हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज. हो, आपलाच हिंगूळ. माझ्या आजोबांकडे एक हस्तलिखित पोथी होती. तिची काळी अक्षरं फिकी पडली होती, पण दंड आणि समासाच्या रेघा लालभडक होत्या. ती शाई हिंगुळाची, असं आजोबा सांगायचे. इथले मूळ रहिवासी ओलोनी लोक याच डोंगरातला हिंगूळ अंग रंगवायला वापरत, आणि त्यासाठी लांबलांबच्या जमाती इथवर येत. १८४५ मध्ये आंद्रेस कास्तियेरो नावाच्या मेक्सिकन लष्करी अधिकाऱ्याने ओळखलं की या लाल दगडात पारा आहे. स्पेनमधल्या अल्मादेनच्या प्रसिद्ध पारा-खाणीवरून इथलं नाव पडलं न्यू अल्माडेन. तो शब्द मुळात अरबी, अर्थ ‘खाण’. म्हणजे माझ्या पत्त्यातच खाण आहे.

पुढे तीनच वर्षांत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि दगडाच्या चुऱ्यातून सोनं वेगळं करायला पारा लागतो, म्हणून या डोंगराचं नशीब उघडलं. पारा लोखंडी बाटल्यांत भरून जायचा. एका बाटलीत जेमतेम अडीच लिटर, पण वजन ३४ किलोंच्या वर. अशा अकरा लाखांहून जास्त बाटल्या इथून गेल्या. उत्तर अमेरिकेत इतका पारा दुसऱ्या कुठल्याच खाणीने दिलेला नाही. सुरुवातीच्या काळात मेक्सिकन मजूर खाचा पाडलेल्या ओंडक्यांच्या शिड्यांवरून पाठीवर खनिजाच्या चामडी पिशव्या घेऊन अंधारातून वर चढत. नंतर इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले खाणकामगार आले. डोंगरावर स्पॅनिश टाउन आणि इंग्लिश टाउन अशा दोन वस्त्या होत्या. भट्टीवरच्या माणसांना पाऱ्याची वाफ बाधायची, तोंडाला लाळ सुटायची, दात हलायचे. पार्कमध्ये फिरताना ही माणसं माझ्या मनातून जात नाहीत, म्हणून तुम्हालाही सांगितलं.

१९७० च्या दशकात खाणकाम संपलं, काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, डोंगर विकत घेतला आणि १९७५ मध्ये पार्क खुलं केलं. चार हजारांहून जास्त एकर.

आता तुमच्या मुद्द्यावर येते. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक एकमेकांना घट्ट धरून बसलेले. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दगडात आहे तोवर फारसा त्रास देत नाही. त्रास सुरू होतो भट्टीपासून. खनिज तापवलं की पाऱ्याची वाफ होते, ती गार केली की पारा हाती लागतो. पण सगळा पारा काही निघत नाही, थोडा जळक्या चुऱ्यात उरतो, आणि तो हिंगुळापेक्षा सहज सुटतो. हा चुरा वर्षानुवर्षं ओढ्याच्या काठी ओतला गेला, पावसाने वाहून न्यावा म्हणून. रस्त्यांवरही पसरला. भट्ट्यांच्या आवारातले ढीग काउंटीने पुढे मातीखाली झाकले, पण जे खाली वाहून गेलं ते गेलंच. अल्माडेन धरणाच्या खालून लॉस अलामितोस ओढा निघतो, तो आपल्या वस्तीच्या मधून वाहतो आणि पुढे ग्वादालुपे नदीतून थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात जातो.

आमच्या इथल्या तिसऱ्या हिवाळ्यात धो धो पाऊस झाला. ओढा ओसरल्यावर माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची, काठावरून मूठभर खडे घेऊन आली. विटेच्या तुकड्यासारखे, हलके, भोकं पडलेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिने ते ओळीने मांडले आणि एकाने कागदावर तांबूस रेघा ओढून दाखवल्या. मला आजोबांची पोथी आठवली आणि मी हरखून गेले. दुसऱ्या दिवशी पार्कमधल्या एका स्वयंसेवकाला ते खडे दाखवले. ते म्हणाले, हा हिंगूळ नाही, भट्टीतून निघालेला जळका दगड आहे, आणि काठावरून हे उचलू नका. मी घरी येऊन खिडकी पुसली, मुलीचे हात परत धुतले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. डॉक्टरांनी नंतर धीर दिला: दगड हाताळल्याने काही होत नसतं, तोंडात जाऊ देऊ नका. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. ओढ्यावरून आलं की बूट बाहेर झटकायचे आणि हात धुतल्याशिवाय खाऊ नाही. कोकणात पावसाळ्यात आई पाय धुतल्याशिवाय घरात घेत नसे, तसंच हे. मुलांच्या अंगवळणी पडतं.

खरा धोका माशांत आहे, आणि यात कुठलीही तडजोड करू नका. धरणाच्या तळाशी, जिथे प्राणवायू नसतो, तिथले जीवाणू पाऱ्याचं मिथाइल पारा या जास्त विषारी रूपात रूपांतर करतात. तो शेवाळातून किड्यांत, किड्यांतून छोट्या माशांत आणि त्यांच्यातून मोठ्या माशांत जातो, आणि दर पायरीला साठत जातो. गर्भातल्या आणि लहान मुलांच्या मेंदूला तो बाधतो. अल्माडेन, ग्वादालुपे आणि कालेरो या तिन्ही धरणांवर मासे खाऊ नका अशा पाट्या आहेत. तुम्ही मासे खाणारे असाल आणि शेजारी प्रेमाने ताजा मासा घेऊन आला, तर कुठून धरला ते विचारा आणि इथला असेल तर नम्रपणे नको म्हणा. मी दोनदा म्हटलंय. कुणाला राग आला नाही.

नळाचं पाणी शुद्धीकरण होऊन येतं आणि त्याच्या तपासणीचा अहवाल दर वर्षी जाहीर होतो. आम्ही तेच पितो. परसातल्या मातीबद्दल मात्र एक गोष्ट लोक विसरतात. ही घरं बहुतेक साठ-सत्तरच्या दशकांतली, आणि त्याआधी या खोऱ्यात फळबागा होत्या. त्या काळी फळझाडांवर शिसं आणि अर्सेनिक असलेली औषधं सर्रास फवारली जात. त्यामुळे मेथी-कोथिंबीर लावणार असाल तर मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा, आणि तपासणीत पाऱ्याच्या जोडीला या दोघांचीही नावं लिहा. घर ओढ्याला अगदी लागून असेल तर हे घर घेण्याआधीच करा. आमची माती ठीक निघाली, तरी भाजी मी लाकडी चौकटीत विकतची माती भरूनच लावते.

आता वणवा. सप्टेंबर २०१६ मध्ये लोमा प्रिएटाजवळच्या डोंगरात आग लागली तेव्हा धुराचा खांब आमच्या गल्लीच्या टोकाशी उभा असल्यासारखा दिसत होता. २०२० च्या ऑगस्टमध्ये विजा पडून सांताक्रूझच्या डोंगरांत वणवे लागले, तेव्हा सकाळी गाडीवर राख असायची आणि आम्ही कागदपत्रांची पिशवी दाराशीच ठेवून झोपायचो. जून ते ऑक्टोबर डोंगर वाळलेल्या गवताने पिवळाधमक असतो. सुटीला गावी गेले की डोंगरावर वनखात्याने काढलेली जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढलेली पट्टी, मी आता वेगळ्या डोळ्यांनी बघते. इथे तीच गोष्ट घराभोवती करायची: भिंतीपासून पाच फुटांत झुडूप, लाकडाचा भुसा, सरपण काही नको. पोटमाळ्याच्या झरोक्यांना बारीक जाळी बसवा, कारण घरं पेटतात ती बहुतेक उडत आलेल्या निखाऱ्यांनी.

आणि विमा. तीन वर्षांपूर्वी आमच्या विमा कंपनीने एका पानाचं पत्र पाठवून कळवलं की पुढच्या वर्षीपासून विमा देणार नाही. इतकी वर्षं हप्ता वेळेवर भरला होता, एकदाही दावा केला नव्हता. मला फार अपमानित वाटलं, अजूनही वाटतं. शेवटी आगीसाठी फेअर प्लॅन घेतला, म्हणजे दुसरीकडे विमा न मिळणाऱ्यांसाठी विमा कंपन्यांनी मिळून चालवलेली योजना, आणि बाकीच्यासाठी वेगळी पॉलिसी. दोन्ही मिळून खर्च दुपटीच्या पुढे गेला. भूकंपाचा विमा याहून वेगळा. १९८९ च्या ६.९ तीव्रतेच्या भूकंपाचं केंद्र याच डोंगररांगेत होतं, तेव्हा तोही विचारात घ्या.

जनावरांचं म्हणाल तर हरणं रोज, रानटर्की रोज, कोयोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याची हाळी रात्री. हिरवळ खोदणारी रानडुकरं अधूनमधून. रॅटलस्नेक आपल्या घोणशीचा भाऊबंद. उन्हाळ्यात वाटेच्या मधोमध चाला, दगडावर हात टेकण्याआधी बघा. तीन-तीन पानांचं पॉयझन ओक मुलांना पहिल्याच आठवड्यात ओळखायला शिकवा. त्याने आपल्या खाजकुयलीपेक्षा वाईट हाल होतात, आणि ते कित्येक दिवस चालतात.

एवढं सगळं ऐकून तुम्ही विचाराल, मग तुम्ही का राहता? आपला भारतीय किराणा घ्यायला सनीव्हेलकडे अर्धा तास जावं लागतं, मंडळाचे कार्यक्रमही बहुधा उत्तरेकडेच असतात, गणपतीत जाऊन येऊन दमायला होतं. पण फेब्रुवारीत हा डोंगर हिरवागार होतो, सह्याद्री श्रावणात होतो तसा, आणि संध्याकाळी ओकच्या झाडांखालून वारा उतरतो. रविवारी आम्ही खाणीच्या सॅन क्रिस्तोबाल बोगद्यापर्यंत चढतो. आत थोडंच जाता येतं, पुढे लोखंडी गज आहेत. गजांना चेहरा लावला की आतून गार, ओलसर हवा येते, विहिरीत डोकावल्यासारखी. मुलगा लहान असताना विचारायचा, आत अजून कुणी आहे का? मागच्या डोंगररांगेतलं उमुनुम शिखर, ज्यावर हवाईदलाच्या रडारचा काँक्रीटचा चौकोनी मनोरा उभा आहे, ते २०१७ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथे सूर्यास्ताला उभं राहिलं की एका बाजूला समुद्रावरचं धुकं आणि दुसऱ्या बाजूला आपलं घर दिसतं. मला हे सोडून जायचं नाही.

घर बघायला याल तेव्हा दलालाच्या वेळेवर येऊ नका. एकदा सप्टेंबरच्या दुपारी तीनला या, गवत किती वाळलंय आणि घरापर्यंत किती आलंय ते बघा. गल्लीतून बाहेर पडायला रस्ते किती, तेही मोजा. काही गल्ल्यांना एकच आहे. मग मुलांना कासा ग्रांदेमध्ये घेऊन जा. खाणीच्या व्यवस्थापकाचं १८५४ मधलं घर आहे ते, आता तिथे खाणीचं संग्रहालय आहे. विक्रेत्याकडून त्या घराला असलेल्या नैसर्गिक धोक्यांची माहिती देणारं निवेदन येईल, ते शेवटपर्यंत वाचा. आणि बोली लावण्याआधी, नंतर नव्हे, त्या पत्त्यासाठी विम्याचा आकडा लेखी मागून घ्या.