जुन्या सायफाय सिनेमांतले ‘खरे’ इफेक्ट्स आजच्या सीजीआयपेक्षा (कंप्युटरवर बनवलेल्या दृश्यांपेक्षा) जास्त खरे का वाटतात?

तुम्ही विचारलंय की १९९३ चा ‘ज्युरासिक पार्क’ आज टीव्हीवर लागला तरी टी-रेक्स बघून अंगावर काटा येतो, आणि नव्या सिनेमांतले डायनोसॉर बघताना मात्र हात मोबाइलकडे जातो. तेव्हा सगळं हाताने बनवायचे म्हणून असं होतं का?

थोडं हो. बरंचसं नाही.

मी मुंबईत व्हीएफएक्समध्ये, म्हणजे शूट झालेली दृश्यं कंप्युटरवर बदलायच्या कामात आहे, रोटो-पेंटला, अकरा वर्षं झाली. म्हणजे शॉटमधल्या माणसाच्या कडेने फ्रेमागणिक रेघ मारत जायचं, तारा पुसायच्या, रिग (नटाला किंवा वस्तूला धरून ठेवणारा सांगाडा) पुसायचा. सेकंदाला २४ फ्रेम्स. आईला अजून वाटतं मी कार्टून काढतो. ‘कंप्युटर न वापरता केलेला सिनेमा’ असा गाजावाजा झाला की आमच्या खोलीत हशा होतो. २०१५ चा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ घ्या. गाड्या खऱ्या, उड्या खऱ्या, वाळवंट खरं, तरीही त्यात सुमारे २००० व्हीएफएक्स शॉट्स आहेत.

आता टी-रेक्स. मी तो पहिल्यांदा पाहिला नऊ वर्षांचा असताना, हिंदीत डब केलेला, आत्याच्या गावच्या थिएटरात, पुढून तिसऱ्या रांगेत. त्या अख्ख्या सिनेमात डायनोसॉर पडद्यावर असतात जेमतेम पंधरा मिनिटं. त्यातली साधारण नऊ मिनिटं स्टॅन विन्स्टनच्या लोकांनी बनवलेली यांत्रिक जनावरं आणि सहाएक मिनिटं कंप्युटर. पावसातला तो रात्रीचा प्रसंग पुन्हा बघा. गाडीतल्या ग्लासातल्या पाण्यावर वर्तुळं उमटतात, ती खाली लावलेली गिटारची तार छेडून काढलेली आहेत. गाडीच्या काचेवर थोबाड येऊन आदळतं, ते हायड्रॉलिक्सवर चालणारं खरं धूड. कुंपण तोडून पूर्ण देह बाहेर येतो आणि दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहून डरकाळी फोडतो, तो कंप्युटर. पपेटच्या (म्हणजे त्या यांत्रिक जनावराच्या) शॉटने कमावलेला विश्वास लगेच पुढच्या सीजी शॉटवर खर्च केलाय, आणि आपल्याला हिशेब लागत नाही.

त्या यांत्रिक टी-रेक्सचं वजन चार टनांच्या आसपास होतं. कातडी फोम रबरची. स्टुडिओत पाडलेला पाऊस ती पिऊन टाकायची, वजन वाढायचं, आणि कोरड्या वजनाच्या हिशेबाने बसवलेली यंत्रणा गडबडून अख्खं जनावर लटपटायला लागायचं. मग लोक टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायचे. हे वाचून हसू येतं, पण माझ्या धंद्याच्या नजरेने बघा: ओल्या कातडीवर दिव्याचा उजेड कसा पडतो, पाणी कुठून ओघळतं, हे त्याच सेटवर, त्याच उजेडात समोर दिसत होतं. सीजीवाल्यांना जुळवायला अस्सल नमुना होता. आज बऱ्याचदा नमुना म्हणून मिळतो तो काठीला लावलेला टेनिस बॉल.

शिवाय रात्र होती, पाऊस होता. दोन्ही गोष्टी झाकायला उत्तम. त्याच सिनेमातला भर उन्हातला पहिला मोठा डायनोसॉर मला तरी आज जरा प्लॅस्टिकचा वाटतो.

या सिनेमातली पूर्ण देहाची चाल आधी फिल टिपेट करणार होता, मॉडेल फ्रेम-फ्रेमला हलवून. त्याच्या पद्धतीला गो-मोशन म्हणतात. कॅमेऱ्याचं शटर उघडं असतानाच मोटर मॉडेलला किंचित हलवते, म्हणजे फ्रेममध्ये ते थोडं धूसर येतं आणि जुन्या स्टॉप-मोशनमधला (स्थिर मॉडेलचे एकेक फोटो जोडून केलेल्या हालचालीतला) झटका जातो. मग कंप्युटरवरची चाचणी दाखवली गेली, आणि आता आपणच नामशेष झालो अशा अर्थाचं तो बोलून गेला. दिग्दर्शक स्पीलबर्गने ते थोडं फिरवून सिनेमातल्या शास्त्रज्ञांच्या तोंडी घातलं. पण टिपेटला घरी पाठवलं नाही. जनावराची चाल कळणारी माणसं त्याच्याकडे होती. त्यांच्यासाठी सांध्यासांध्यात सेन्सर बसवलेला धातूचा सांगाडा बनवला. हाताने तो वाकवायचा की कंप्युटरमधला डायनोसॉर तसाच वाकायचा. त्या वर्षीचं ऑस्कर चौघांना मिळून मिळालं: सीजीचा डेनिस म्यूरन, पपेटचा विन्स्टन, टिपेट, आणि सेटवरच्या करामतींचा मायकल लँटिएरी. तुमच्या ‘हे की ते’ला त्या चार नावांतच उत्तर आहे.

आणखी एक. जुनं सगळं चांगलं होतं असं वाटतं, कारण वाईट होतं ते आपण आज बघत नाही. १९७६ च्या ‘लोगन्स रन’मधलं भविष्यातलं शहर बघा, सरळसरळ टेबलावरची खेळणी. त्यालाही ऑस्कर मिळालं होतं. मिनिएचरचं, म्हणजे अशा छोट्या मॉडेलचं गणित सोपं नसतं. इमारत १६ पट लहान केली तर ती कोसळतेही लवकर, म्हणून कॅमेरा चौपट वेगाने, सेकंदाला ९६ फ्रेम्सने चालवायचा (१६ चं वर्गमूळ ४). मग कुठे पडण्याला वजन येतं. पाण्याला मात्र हा हिशेब पुरत नाही, कारण थेंब लहान करता येत नाही. टाकीत सोडलेलं छोटं जहाज ओळखू येतं ते जहाजामुळे नाही, शेजारच्या लिंबाएवढ्या थेंबांमुळे.

उलटी गंमतही आहे. १९८१ च्या ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’मध्ये ग्लायडरच्या स्क्रीनवर हिरव्या रेघांचं न्यूयॉर्क दिसतं, अगदी कंप्युटर ग्राफिक्स. तेव्हा खरे कंप्युटर ग्राफिक्स परवडणारे नव्हते, म्हणून शहराचं मॉडेल काळं रंगवलं, इमारतींच्या कडांना चमकणारी टेप लावली आणि त्यावरून कॅमेरा फिरवला. माणसांनी हाताने कंप्युटरची नक्कल केली! हे मला कुठल्याही टी-रेक्सपेक्षा जास्त आवडतं.

मग जुन्यांकडे खरंच जास्त काय होतं? माझ्या मते अडचण. चार टनांचं जनावर पाहिजे तिथे उडवता येत नाही, कॅमेराही माणूस किंवा क्रेन जाईल तिथूनच बघतो. आणि ठरवायचं ते शूटिंगच्या दिवशी ठरवावं लागतं. आज कॅमेरा जनावराच्या नाकपुडीतून शिरून कानातून निघतो, आणि डोळ्याला कळतं की तिथे कोणी उभंच नव्हतं. शिवाय सगळं बदलता येतं, म्हणून कोणी काही ठरवत नाही. एका कामात डिलिव्हरीच्या चार दिवस आधी प्राण्याचा रंग बदलला. नंतर लोक म्हणाले सीजी कच्चं आहे. कच्चं असणारच, चार रात्रींचं होतं ते!

दुसऱ्या एका कामात सेटवर खरं पपेट होतं, रबराचं मुंडकं, मागे हिरव्या कपड्यांतली तीन माणसं. ती तीन माणसं पुसायला मला तीन आठवडे लागले. मग निरोप आला, मुंडकंही काढा, सीजी बसतंय. फक्त एक गोष्ट ठेवा म्हणाले: नटीच्या गालावर पडलेली त्या रबरी जबड्याची सावली. ती त्यांना कंप्युटरवर तशी जमेना. सिनेमात आज प्राणी सीजीचा आहे आणि त्याची सावली रबराची.

रविवारी वेळ असेल तर १९६८ चा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ लावा आणि अंतराळयानात तरंगणाऱ्या पेनाचा शॉट शोधा. कंप्युटर नाही, तारही नाही. मोठ्या काचेला दुहेरी चिकटपट्टीने पेन लावलाय आणि काच हळूहळू फिरवलीय. हवाईसुंदरी येते आणि तो हवेतून घेते. तिच्या बोटांकडे बघा. ती पेन उचलत नाही, सोलून काढते.