जर्मनीत नवऱ्यापासून वेगळी झाले आहे, दोन मुलं माझ्याजवळ आहेत. काम आणि आधार कुठे शोधू?

ताई, तुम्ही लिहिलं आहे ते थोडक्यात असं: चार वर्षांपूर्वी डिपेंडंट व्हिसावर जर्मनीत आलात. यजमान ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांच्या कामाच्या परवान्यावर, नोकरी करतात, तीन महिन्यांपासून दुसऱ्या घरात राहतात आणि आता पैसेही देत नाहीत. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा, दोघं तुमच्याजवळ. शिक्षण बी.कॉम., लग्नाआधी सीएच्या ऑफिसात नोकरी, जर्मन ए२पर्यंत, म्हणजे प्राथमिक. मिळेल ते काम धरू का, मदत कुणाकडे मागू, आणि सरकारी मदत घेतली तर व्हिसा जाईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मीसुद्धा इथेच दोन मुलांना घेऊन वेगळी झाले. आता एका किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, नोकरी करते आणि आपल्याकडच्या बऱ्याच मुलींबरोबर या सरकारी ऑफिसांत जाऊन बसले आहे. एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते: घाबरून हाती येईल ते काम धरू नका. तुम्हाला कायद्याने साधारण एक वर्षाची सवड मिळते. ती भाषेसाठी आणि विमा असलेल्या, टिकणाऱ्या नोकरीसाठी वापरा.

आधी व्हिसा, कारण त्या भीतीनेच बायका महिनोन्‌महिने गप्प बसतात. नवरा-बायको म्हणून जर्मनीत एकत्र राहून तीन वर्षं झाली असतील, तर निवास कायद्याच्या कलम ३१ खाली नवऱ्यावर अवलंबून नसलेला, स्वतःच्या नावाचा परवाना मागता येतो. ही तीन वर्षं लग्नाच्या तारखेपासून मोजत नाहीत, इथे एकत्र राहायला लागल्यापासून वेगळं होईपर्यंत मोजतात. तुमची अट पूर्ण होते आहे. पहिल्यांदा हा परवाना एक वर्षासाठी देतात, आणि त्या वर्षात जॉबसेंटरकडून निर्वाहाचे पैसे घेतले म्हणून तो नाकारायचा नाही, असं त्याच कलमात लिहिलेलं आहे. त्यानंतरच्या मुदतवाढीला मात्र तुमचं घर तुमच्या कमाईवर चालतं का, हे बघतात. मी सवड म्हणाले ती हीच.

तीन वर्षं झालेली नसली तरी सगळं संपलं असं नसतं. घरात मारहाण किंवा छळ असेल, मुलांच्या हिताला धक्का लागत असेल, तर ही अट सोडून देता येते. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला, पोलिसांकडची नोंद असे कागद जमवून ठेवावे लागतात. हिंसेच्या बाबतीत ११६ ०१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री कधीही, फुकट, इंग्रजीतूनही बोलता येतं. हे तुमच्यासाठी नसेल, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी असू शकतं.

परवान्याच्या ऑफिसला वेगळं झाल्याचं कळवावं लागतं, आणि पत्ता बदलल्याच्या नोंदीवरून त्यांना ते तसंही कळतं. पण तिथे जाण्याआधी स्थलांतरितांच्या सल्ला केंद्रात जा. कारितास, डियाकोनी, आवो, जर्मन रेडक्रॉस या संस्था सरकारी खर्चाने ही केंद्रं चालवतात. सल्ला फुकट असतो. तिथली व्यक्ती अर्ज भरून देते, पत्र लिहून देते. नेटवर अनोळखी लोकांनी दिलेल्या धास्तीपेक्षा तिच्यासमोर बसलेला एक तास जास्त कामाचा. मुलगा इथे जन्मला असेल तर त्याच्या नागरिकत्वाचंही तिथेच विचारा. जन्माच्या वेळी आई किंवा वडिलांकडे कायमचा परवाना असेल आणि त्यांचं इथलं कायदेशीर वास्तव्य पुरेसं झालेलं असेल (२७ जून २०२४ पासून ५ वर्षं, त्याआधी जन्मलेल्यांसाठी ८), तर मूल जन्मतःच जर्मन असतं. आणि जर्मन मुलाला सांभाळणाऱ्या आईला परवाना देताना तिच्या कमाईची अट लावत नाहीत.

आता पैसे. इथे आपल्या मुलींना एक फरक कुणीच सांगत नाही. निवास कायद्यात काही मदतींची नावं घेऊन स्पष्ट म्हटलं आहे की त्या घेतल्याने तुम्ही सरकारी पैशावर जगता असं धरायचं नाही. किंडरगेल्ड (मुलांचा भत्ता), किंडरत्सुशलाग (कमी पगाराच्या पालकांना मुलांसाठी जादा मदत), एल्टर्नगेल्ड (बाळ झाल्यावर आई-वडिलांना मिळणारा भत्ता) आणि उंटरहाल्ट्सफोरशुस (पोटगीची उचल) ही त्यातली. त्यामुळे यांचा अर्ज करताना व्हिसाची चिंता अजिबात नको.

किंडरगेल्ड २०२६ मध्ये दर मुलामागे महिन्याला २५९ युरो आहे. मुलं ज्याच्याजवळ राहतात त्याला ते मिळतं, पण तुमच्याकडे आजवर बहुधा यजमानांच्या खात्यात जात असेल. ते देणाऱ्या फामिलिएनकासे या ऑफिसला लेखी कळवून ते स्वतःच्या खात्यावर वळवून घ्या. खातं फक्त तुमच्या नावाचं हवं. जोडखात्यातून दोघांपैकी कुणीही सगळे पैसे काढू शकतं.

उंटरहाल्ट्सफोरशुस म्हणजे वडील पोटगी देत नसतील तर ती सरकारने आधी भरायची आणि मग वडिलांकडून वसूल करायची. अर्ज युगेन्टआम्टकडे, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी ऑफिसात. सहा वर्षांखालच्या मुलाला महिन्याला २२७ युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला २९९. तुमच्या दोघांचे मिळून ५२६ आणि किंडरगेल्डचे ५१८, म्हणजे १०४४ युरो नुसते मुलांच्या हक्काचे. आणि हा तळाचा आकडा आहे. ब्लू कार्डवरच्या माणसाचा पगार बघता मुलांची खरी पोटगी याहून बरीच जास्त निघेल. ती ठरवून वसूल करण्याचं काम युगेन्टआम्ट फुकट करतं. त्याला बाइश्टांडशाफ्ट म्हणतात आणि मागितल्याशिवाय ते सुरू होत नाही. याशिवाय घटस्फोट होईपर्यंत तुम्हाला स्वतःसाठीही नवऱ्याकडे पोटगी मागता येते. ती मागितल्याच्या महिन्यापासून धरतात, म्हणून आजच लेखी मागणी करा, ईमेलने केलीत तरी चालेल. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तुमच्या भागातल्या आम्ट्सगेरिश्ट कोर्टातून बेराटुंग्सहिल्फेशाइन, म्हणजे स्वस्त कायदेशीर सल्ल्याचा दाखला, आणा. तो दाखवला की वकील जास्तीत जास्त १५ युरोत सल्ला देतो.

युगेन्टआम्ट मुलं काढून नेतं, ही भीती आपल्या लोकांत खोल बसलेली आहे. पोटगीचा विभाग वेगळा आणि मुलांच्या संरक्षणाचा विभाग वेगळा. पैसे मागायला आलेल्या आईची मुलं कुणी नेत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण या एका भीतीपायी हक्काचे पैसे सोडून दिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आरोग्य विम्याचं तातडीचं टेन्शन घेऊ नका. तुम्ही यजमानांच्या सरकारी विम्यात कुटुंब म्हणून असाल, तर घटस्फोट पक्का होईपर्यंत तो तसाच चालू राहतो. खाजगी विमा असेल तर सल्ला केंद्रात लगेच विचारा.

कामाबद्दल मला जास्त सांगायचं आहे. तुमच्या व्हिसावर कोणतंही काम करायची मुभा आहे, त्यामुळे मिनीजॉब पटकन मिळेल: हॉटेलातली साफसफाई, गोदामातलं पॅकिंग, भारतीय रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर. मिनीजॉबची मर्यादा २०२६ मध्ये महिन्याला ६०३ युरो. त्यातून स्वतःचा आरोग्य विमा मिळत नाही, बेकारी विमा मिळत नाही, आणि परवान्याच्या ऑफिसला दाखवायला ती कमाई अपुरी पडते. सकाळी सहाला कामावर जायचं तर मुलांना कुठे ठेवायचं, हा प्रश्न राहतोच, आणि दमलेली बाई संध्याकाळी भाषा शिकत नाही. वर्ष असंच निघून जातं. रोखीने, नोंद न करता काम द्यायला कुणी तयार असेल, आपला माणूस असला तरी, नाही म्हणा. पकडलं गेलं तर परवाना धोक्यात येईल तो तुमचा.

याउलट, आठवड्याला २५ तासांची विमा कापून घेणारी नोकरी नुसत्या किमान वेतनाने, म्हणजे २०२६ च्या १३.९० युरो तासाने, धरली तरी कापण्याआधीचा पगार महिन्याला साधारण १५०० होतो. त्यात मुलांचे पैसे मिळवा. शिवाय पगार ६०० च्या वर गेला की एकट्या पालकाला किंडरत्सुशलागचा अर्ज करता येतो. तो मुलामागे जास्तीत जास्त २९७ युरो आहे, आणि मिळाला तर किटाची फी माफ होते, शाळेतल्या जेवणाचा खर्चही मिळतो. पुढच्या वर्षी करवर्ग दोन घ्यायला विसरू नका, एकट्या पालकाचा कर त्यात कमी कापला जातो.

अशा नोकरीसाठी जर्मनची बी१ ही मधली पातळी तरी लागते, ऑफिसातल्या कामाला त्यावरची बी२. सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये भाषेचे ६०० तास असतात. जॉबसेंटरने पाठवलं तर फी पडत नाही. म्हणून मी म्हणते, या पहिल्या वर्षात जॉबसेंटरची मदत घेण्याची लाज वाटून घेऊ नका, ती तुम्हाला वर्गात बसवण्यासाठीच आहे. सकाळचा कोर्स घ्या. मुलाला किटात जागा मिळणं हा त्याचा कायदेशीर हक्क आहे (वयाच्या पहिल्या वाढदिवसापासून, २०१३ पासून लागू). जागा नाही असं सांगितलं तर नकार लेखी मागा, बऱ्याचदा तेवढ्याने वाट निघते. मुलगी ऑगस्ट २०२६ पासून पुढे पहिलीत जाणार असेल तर तिला दिवसभराच्या शाळेचा हक्क मिळतो.

तुमच्या बी.कॉम.ला कमी लेखू नका. इथल्या कर सल्लागारांच्या ऑफिसांना माणसं मिळत नाहीत. ती सगळी डाटेव नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतात, आणि टॅलीवर जमाखर्च लिहिलेल्या बाईला डाटेव अवघड जात नाही, अडतं ते भाषेत. पदवीचं मूल्यमापन करून घ्या. आर्बाइट्सआगेन्टूरकडे, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाकडे, बिल्डुंग्सगुटशाइन (प्रशिक्षणाचं कूपन) मागा, त्यावर डाटेवचा कोर्स किंवा कर सहायकाचं पूर्ण प्रशिक्षण विनाखर्च करता येतं, काही ठिकाणी अर्धवेळही. तो देणं त्यांच्या मर्जीवर असतं, म्हणून जाताना दोन-तीन नोकरीच्या जाहिराती छापून न्या आणि 'या जागांसाठी मला हा कोर्स हवा' असं सांगा. आकड्यांचा कंटाळा आला असेल तर किटा आणि शाळांच्या दुपारच्या वर्गांतही मदतनीस लागतात. मी तिथूनच सुरुवात केली, माझी भाषा सुधारली ती मुलांच्या तोंडून. मुलाखतीत 'मुलं आजारी पडली तर?' असं विचारतीलच. सरकारी विम्यातल्या एकट्या पालकाला मुलामागे वर्षाला ३० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा विम्याच्या पैशाने मिळते, हे शांतपणे सांगा.

एका बाबतीत मात्र तुम्हाला विनवते. रागाने किंवा आई-बाबांच्या आग्रहाने मुलांना घेऊन भारतात निघून जाऊ नका. मुलांचा ताबा दोघांचा असताना वडिलांच्या संमतीवाचून मुलांना देशाबाहेर नेणं इथे गुन्हा ठरू शकतो, आणि पुढे ताब्याच्या खटल्यात ते तुमच्याच विरुद्ध जातं. उलट बाजूही आहे. 'तू मुलांना घेऊन थोडे दिवस माहेरी जा, मी तिकीट काढतो' असं यजमान म्हणाले तर परतीची तारीख आणि पासपोर्ट स्वतःच्या हातात ठेवा. बाहेर जास्त महिने राहिल्यावर (साधारणपणे सहा) परवाना आपोआप रद्द होतो. मुली अशाच भारतात अडकून पडतात. भारत मुलांच्या अपहरणाबाबतच्या हेग करारात नाही, त्यामुळे वडिलांनीच मुलांना परस्पर तिकडे नेण्याची शंका असेल तर वकिलाला लगेच सांगा.

घटस्फोटाला इथे एक वर्ष वेगळं राहिल्याचं दाखवावं लागतं, म्हणून वेगळं झाल्याची तारीख आजच दोघांच्या ईमेलमध्ये येऊ द्या. भारतातलं लग्न असेल तर जर्मन निकाल तिकडे आपोआप मानला जाईल असं धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या नरसिंह राव खटल्यात त्याच्या अटी घालून दिल्या आहेत. दोन्ही देशांचा कायदा जाणणारा वकील शोधा. पैसे नसतील तर बर्लिनचा दूतावास किंवा फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिकचे वाणिज्य दूतावास यांच्याकडे भारतीय समुदाय कल्याण निधीबद्दल विचारा, नवऱ्याने सोडलेल्या स्त्रियांना त्यातून कायदेशीर मदत देतात.

शरीराकडेही बघा. झोप उडाली असेल, मुलांवर हात उगारला जात असेल, तर डॉक्टरांना म्युटर-किंड-कुअरबद्दल सांगा. आई आणि मुलांना तीन आठवडे एकत्र आरोग्यधामात ठेवतात, विमा बहुतेक खर्च उचलतो. एकट्या पालकांची १९६७ पासूनची फाउ-आ-एम-फाउ नावाची संघटना आहे, तिच्या शाखांत तुमच्यासारख्या बायका भेटतील. मराठी मंडळात सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. पण एखादीला 'मंगळवारी माझ्याबरोबर जॉबसेंटरला येशील का' एवढं नक्की विचारा. सरकारी भेटीला सोबत माणूस नेण्याचा हक्क इथल्या कायद्यातच आहे, आणि दोघी असल्या की समोरचा अधिकारीही नीट बोलतो.

आणि महिना संपायच्या आत जॉबसेंटरला आणि युगेन्टआम्टला दोन ओळींची दोन पत्रं पाठवा, फॉर्म नंतर भरता येतात. जॉबसेंटरचे पैसे अर्ज पोहोचलेल्या महिन्याच्या एक तारखेपासून धरतात, उंटरहाल्ट्सफोरशुस फार तर एक महिना मागे जातं. पत्राची प्रत आणि पोहोच जपून ठेवा. शहराचं नाव कळवलंत तर तिथलं सल्ला केंद्र शोधून देते.