इसार किती, कुणाला आणि कशावर

प्रश्न: मी शिक्षिका आहे, आम्ही निपाणीत राहतो. कागलजवळच्या एका गृहस्थांची एमएच-०९ पासिंगची मोटार आम्हाला पसंत पडली. व्यवहार ३ लाख ४० हजारांना ठरला. ते माझ्या मामेसासऱ्यांच्या ओळखीचे. “दुसरं गिऱ्हाईक दारात हाय, ५० हजार आजच जावयाच्या नंबरवर टाका, कागदं मागनं करून देतो,” असं म्हणतात. पावती मागितली तर वाईटपणा येईल, असं घरच्यांना वाटतं. काय करावं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: ताई, वाईटपणाचं आधी बघू, तुमचं घोडं तिथंच अडलंय. मी बेळगावात वकिली करते, नोटरीही आहे. माझ्या टेबलाशी सख्खे भाऊ येतात, एकमेकांना चहा पाजतात आणि ट्रॅक्टरचं करारपत्र करून जातात. तिथं मामेसासऱ्यांच्या ओळखीचं काय घेऊन बसलात!

आणि पावती त्यांच्याही सोयीची आहे, हे त्यांना सांगा. आरटीओच्या दप्तरी नाव बदलेपर्यंत मालक म्हणून तेच धरले जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका अपघाताच्या खटल्यात हेच ठरवलं: गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो, नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाई त्याच्या अंगावर. एवढं ऐकलं की विकणारा स्वतःच पेन शोधायला लागतो.

आता रक्कम. ५० हजारांना मी इसार म्हणणार नाही. अशा व्यवहाराला पाच, फार तर दहा हजार पुष्कळ झाले. तेवढ्यावर गाडी राखून ठेवणार नसतील तर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला खुशाल देऊ देत. ते बहुतेक वेळा दारात नसतंच. जावयाच्या नंबरवर मात्र एक रुपयाही नको. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर ज्याचं नाव, पैसे त्याच्याच खात्यावर. उद्या बिनसलं आणि जावई म्हणाले, “ते हातउसने होते,” तर तुम्ही काय दाखवणार?

आरसी म्हणजे मूळ आरसी, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो नव्हे. मध्यंतरी खानापूरकडचा एक शेतकरी जुनी पिकअप घ्यायला निघाला होता. विकणारा गोडबोल्या, कार्ड हातात धरूनच सगळं दाखवत होता. मी म्हटलं, कार्ड उलटं करा. मागच्या बाजूला फायनान्सवाल्याचं नाव होतं आणि त्यावर गड्याचा अंगठा. कर्ज फिटलेलं नव्हतं. तुम्ही एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. बोजा (म्हणजे गाडीवरचं कर्ज), विमा, फिटनेस घरबसल्या दिसेल. चेसिस नंबर गाडीवरचा आणि आरसीवरचा एकच आहे का, ते मात्र वाकूनच बघावं लागतं.

पावती साध्या कागदावरही चालेल, स्टँप पेपरवर केली तर बरं. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेली किंमत, दिलेला इसार, उरलेले पैसे कधी आणि कशावर देणार, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. मामेसासरे साक्षीला आले तर उत्तमच. त्यात एक ओळ न विसरता घाला: बोजा उतरला नाही किंवा आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला मिळाला नाही तर इसार अमुक तारखेपर्यंत परत. तुम्ही उगाच माघार घेतली तर त्यांनी किती ठेवायचा तेही लिहा. मात्र माझ्या शिक्क्याने आरटीओत नाव चढत नाही. नोटरी झाली म्हणजे गाडी नावावर झाली, असं समजून वर्षानुवर्षं फिरणारे आपल्या भागात ढीगभर आहेत.

सीमेचं खरं त्रांगडं पुढेच आहे. गाडी महाराष्ट्रातली, कोल्हापूर आरटीओची, तुम्ही कर्नाटकात, चिकोडी आरटीओच्या हद्दीत, म्हणजे केए-२३. तिकडून फॉर्म २८ ची एनओसी लागेल, बोजा असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५, आणि ट्रान्सफरसाठी २९ व ३०. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन समाधान मानू नका. कर्नाटकात गाडीच्या वयाप्रमाणे टॅक्स पुन्हा भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्याचा परतावा मागता येतो, पण तो वेगळा अर्ज आणि वेगळी चिकाटी. ३ लाख ४० हजारांत हा खर्च कुणी सोसायचा, ते तुमच्या पत्रात कुठंच नाही. इसार देण्याआधी चिकोडीत चौकशी करून आकडा काढा आणि मग पुन्हा घासाघीस करा. निपाणीत एमएच नंबरच्या गाड्या गल्लोगल्ली दिसतात म्हणून नवा नंबर टाळू नका. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तो घ्यावाच लागतो. मालकाचं नाव बदलायला तर तेवढीही सवड नाही.

मोठी रक्कम एनओसी हातात पडल्यावरच द्या, बँकेतून. विमा नावावर करायला १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करा. त्यांचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेव्हा हप्ता वाढेल. ताबा घ्याल तेव्हा पावतीवर तारखेबरोबर वेळही टाका, आधीचे दंड त्यांचे, पुढचे तुमचे. आणि त्यांना फास्टॅग बंद करायला लावून तुमचा नवा घ्या, नाहीतर गाडी घरी आणताना कोगनोळी नाक्यावरचा टोल त्यांच्याच खात्यातून कापला जाईल आणि मामेसासऱ्यांना फोन त्यावरून येईल.